पहिल्यांदा अंदमानला जाताना: तिथी पाहून आखलेली सहल

मराठी घरातून अंदमानला निघणारा माणूस बहुतेक वेळा सेल्युलर जेलसाठी निघतो. निघावंच. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं सावरकर त्या भिंतींआड होते, आणि त्या कोठडीच्या दारात उभं राहिल्यावर काय वाटतं ते आधी वाचून कळत नाही. जेल झाल्यावर उरलेले चार दिवस मात्र 'पॉइंट' पाहण्यात जातात. सकाळी एक बेट, दुपारी दुसरं, संध्याकाळी परतीची बोट. समुद्र दिसतो, फोटो निघतात, आणि ज्या प्रवाळांसाठी, पक्ष्यांसाठी, कासवांसाठी जगभरातून लोक इथे येतात ती तशीच राहून जातात.

मी अंदमानला चार वेळा गेलो. पहिली खेप अशीच पळापळीत गेली. दुसऱ्या खेपेपासून कॅलेंडरवर तिथी पाहून दिवस ठरवू लागलो आणि तीच बेटं वेगळी दिसू लागली. हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. जेल पाहायचंच आहे, पण समुद्र आणि जंगलही नीट पाहायचं आहे, अशांसाठी.

पायरी १: नकाशा आणि नावं

अंदमान-निकोबारमध्ये खडक आणि लहानसहान बेटं धरून ८३६ बेटं मोजली जातात. वस्ती त्यांतल्या तीसएक बेटांवर. म्यानमारमधली आराकान डोंगररांग समुद्रात बुडत दक्षिणेकडे जाते आणि तिची शिखरं पाण्यावर राहिली आहेत, ती ही बेटं. म्हणूनच ती सपाट वाळूची नाहीत, डोंगराळ आहेत आणि किनाऱ्यापर्यंत दाट जंगलानं झाकलेली आहेत. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर साधारण साडेतेराशे किलोमीटर आहे.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून घ्या, नाहीतर तिकीट काढताना अडखळाल. पोर्ट ब्लेअर २०२४पासून श्री विजयपुरम झालं. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. बोलताना जुनी नावं अजून सर्रास ऐकू येतात. मीही इथे तीच वापरतो, म्हणजे रिक्षावाल्याशी बोलताना गडबड होणार नाही.

निकोबार बेटं बहुतांशी पर्यटकांसाठी खुली नाहीत. उत्तर सेंटिनेलकडे जायला बंदी आहे. ज्या जमातींना बाहेरचा माणूस नको आहे, त्यांच्या बाबतीत हेच योग्य आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला फिरायला अंदमान पुरून उरतं.

पायरी २: आधी महिना, मग तिथी

आपल्याकडची कुटुंबं दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात निघतात. अंदमानसाठी हे दोन्ही काळ अडचणीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि माणूस बेटावर अडकतो. जानेवारी ते मार्च हा सर्वांत चांगला काळ. पाणी शांत, आतलं स्पष्ट दिसतं, पक्षी भरपूर असतात आणि कासवांचा हंगाम फेब्रुवारीपर्यंत चालू असतो. शाळेच्या सुट्ट्यांमुळे जमणारच नसेल, तर परीक्षा संपताच एप्रिलमध्ये जा. ऊन कडक असतं, पण पाणी शांत असतं. नाताळचा आठवडा गर्दीमुळे टाळा.

आता तिथी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. आमच्या हर्णैला लहानपणी शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता भरती. हा हिशेब कोकणचा आहे, अंदमानात वेळ जुळत नाही. उधाण-भांगाचं चक्र मात्र तेच. वेळा तिथल्या भरतीओहोटीच्या तक्त्यात पाहा. पोर्ट ब्लेअरचा तक्ता इंटरनेटवर मिळतो.

याचा सहलीशी संबंध असा. मोठ्या ओहोटीला नीलचे खडक उघडे पडतात, त्यांच्यामधल्या डबक्यांतून चालत समुद्रजीव पाहता येतात आणि वाळूचे बांध पाण्यावर येतात. ही कामं अमावास्या-पौर्णिमेच्या दोन दिवस इकडेतिकडे करावीत. भांगात प्रवाह मंद असतो, गाळ कमी ढवळला जातो, पाणी निवळतं. स्नॉर्कलिंग (नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगणं) आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) अष्टमीच्या बाजूला ठेवावं. दोन्हींमध्ये आठवड्याचं अंतर पडतं, म्हणजे आठ-नऊ दिवसांच्या सहलीत दोन्ही बसतात. अमावास्या निवडलीत तर काळोख्या रात्रींचाही फायदा. हॅवलॉकच्या तिवरांत रात्री कयाक घेऊन गेलं की वल्ह्याच्या प्रत्येक फटकाऱ्याला पाणी निळसर उजळतं. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो प्रकाश असतो, आणि चांदण्यात तो फिका पडतो.

पायरी ३: बेटं कमी करा

बोटीत चढण्या-उतरण्यात, सामान तपासण्यात आणि वाट पाहण्यात प्रत्येक बदलाला अर्धा दिवस जातो. पहिल्या खेपेला तीन मुक्कामाची ठिकाणं पुरेत: पोर्ट ब्लेअर, नील, हॅवलॉक. अमावास्येच्या एक-दोन दिवस आधी पोर्ट ब्लेअरला उतरायचं. तिथे दोन रात्री. मग उधाणाच्या दिवसांत नीलला दोन रात्री. त्यानंतर भांग जवळ येईल तसे हॅवलॉकला तीन रात्री आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअरला. बहुतेक सहल कंपन्या हॅवलॉक आधी आणि नील नंतर ठेवतात. तुमच्या तिथींना ते जुळत नसेल तर उलटा क्रम मागून घ्या.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढणं सक्तीचंच समजा. हॅवलॉकहून सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठायचा बेत हवामानानं एकदा माझाही मोडला आहे. नवी तिकिटं महाग पडली.

हाताशी बारा दिवस असतील तर उत्तरेला दिगलीपूरही घ्या. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पायरी ४: तिकिटं, परवाने, पैसे

मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूमार्गे जावं लागतं. सकाळी पोहोचणारं विमान घ्या, कारण तिथे अंधार लवकर पडतो. घड्याळ आपलंच आहे पण बेटं खूप पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. 'संध्याकाळी पाहू' म्हणून ठेवलेली गोष्ट राहून जाते. दुपारी साडेतीनला समुद्रावर नसाल तर तो दिवस हातचा गेला.

बेटांमधल्या बोटी दोन प्रकारच्या. खासगी वेगवान बोटी हॅवलॉकला दीड-दोन तासांत नेतात. बंद, थंडगार आणि महाग. सरकारी बोट सावकाश जाते, तिकीट बरंच स्वस्त आणि डेकवर उभं राहता येतं. मला सरकारी बोट आवडते, कारण डेकवरून उडणारे मासे दिसतात आणि नशीब असेल तर डॉल्फिनही. जागा लवकर संपतात, तेवढी खबरदारी घ्या. बोट लागत असेल तर बोटीत चढण्याआधी अर्धा तास गोळी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

भारतीयांना अंदमानला जायला परवाना लागत नाही, ओळखपत्र लागतं. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना उतरल्यावर नोंद करावी लागते. जॉली बॉय, रॉस-स्मिथ, सॅडल पीक अशा राखीव ठिकाणांना वनखात्याचा परवाना लागतो, तो आदल्या दिवशी काढून ठेवा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, तरी नीलवर मोबाइलनं पैसे देण्याच्या भरवशावर राहू नये. ड्रोन घरी ठेवा.

पायरी ५: पोर्ट ब्लेअरचे दोन दिवस

पहिल्या दुपारी सेल्युलर जेल. घाई करू नका. पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी आता तीन उरल्या आहेत. गच्चीवर गेलात की जेलची जागा इथेच का निवडली ते कळतं: तिन्ही बाजूंना पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काम करा, जे सहलीच्या यादीत सहसा नसतं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं छोटं संग्रहालय किंवा नौदलाचं समुद्रिका, दोहोंपैकी एक पाहा. तासाभरात प्रवाळांचे प्रकार आणि माशांच्या आकृत्या डोळ्यांखालून जातात. पुढे पाण्यात तोंड घातल्यावर नुसतं 'रंगीत मासे' न दिसता पोपटमासा, विदूषक मासा, तारामासा असे ओळखीचे चेहरे दिसतात. मुलांना तर याचा फारच उपयोग होतो.

मग रॉस बेट. पडक्या ब्रिटिश इमारतींना वडा-पिंपळांनी विळखा घातलेला आहे आणि अंगणात चितळ व मोर मोकळे फिरतात. लोक त्यांना खाऊ घालतात आणि वन्यजीव पाहिल्याच्या आनंदात परततात. चितळ अंदमानचं नाही. ब्रिटिशांनी शिकारीसाठी आणून सोडलं. त्याला खाणारा वाघ-बिबट्या इथे नाही, ते पोहत बेटामागून बेटावर पसरलं आणि जंगलातली कोवळी रोपं खात सुटलं. लाकूडतोडीसाठी आणलेले हत्तीही इंटरव्ह्यू बेटावर रानटी झाले. मोठे प्राणी म्हणून जे ठळकपणे दिसतं ते बरंचसं बाहेरचं आहे. अंदमानचं खरं स्वतःचं असलेलं जनावर लहान, लाजरं, रात्री हिंडणारं किंवा पंखांचं असतं: रानडुक्कर, उदमांजर, वटवाघळं, दिवसा हिंडणारी हिरवीगार पाल आणि पक्षी. माकडं अंदमानात मुळातली नाहीत. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की नजर कुठे लावायची ते समजतं.

पायरी ६: पक्ष्यांसाठी एक पहाट

पोर्ट ब्लेअरपासून चिडियाटापू पंचवीसेक किलोमीटर. सहलवाले तिथे सूर्यास्ताला नेतात. तुम्ही गाडी ठरवून उजाडण्याआधी पोहोचा. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं अर्धा-पाऊण तास हळूहळू चालत राहा. आत शिरायची गरज नाही.

जगात फक्त याच बेटांवर असणारे पक्षी इथे रस्त्यावरून दिसतात. अंदमानी सुतार पूर्ण काळा, डोक्यावर लाल तुरा, आणि खोडावर त्याच्या चोचीचे ठोके दूरवर ऐकू येतात. अंदमानी सर्पगरुड आपल्या सर्पगरुडापेक्षा गडद. अंदमानी भारद्वाज आपल्या भारद्वाजासारखा काळा-तांबूस नसून सगळा तपकिरी. घू-घू-घू मात्र ओळखीची, म्हणून आवाज ऐकून मागे वळावं तर वेगळाच पक्षी दिसतो. पोपटांचे थवे मोजता येत नाहीत. दुर्बीण नसेल तर मित्राकडून मागून न्या. अंदमानसाठी महागड्या कॅमेऱ्यापेक्षा साधी दुर्बीण जास्त कामाची.

परतताना सिप्पीघाटला थांबा. २००४च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, भातशेतीत समुद्राचं पाणी शिरलं आणि ते तसंच राहिलं. ज्यांची शेतं गेली त्यांचं दुःख त्या पाण्याखाली आहे. आज तिथे वाळलेल्या माडांच्या खोडांमधून बगळे, चिखल्ये, तुतारी आणि अंदमानी बदकं चरताना दिसतात. त्याच भूकंपात उत्तर अंदमानची जमीन उलट वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडून मेले.

पायरी ७: पाण्यात उतरायच्या आधी

याच पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण अंदमानचा खरा खजिना पाण्याखाली आहे, आणि आपल्यातले बरेच जण पोहायला न शिकता तिथे पोहोचतात.

घरी असतानाच एक मास्क आणि स्नॉर्कल विकत घ्या. मास्क चेहऱ्याला बसतो का ते दुकानातच पाहता येतं. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकानं श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर बरोबर. मिशा असतील तर कडेनं थोडं पाणी येतंच, नाकाखाली व्हॅसलीन लावा. मग जवळच्या तरणतलावात चार दिवस जाऊन कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून नळीतून श्वास घ्यायचा सराव करा. सुरुवातीला छाती धडधडते. श्वास मुद्दाम सावकाश सोडला की ती शांत होते. ही धडधड तरणतलावात संपवून टाका, म्हणजे अंदमानातला पहिला तास वाया जात नाही. मालवण-तारकर्लीला एकदा स्नॉर्कलिंग करून पाहिलं असेल तर उत्तमच.

स्नॉर्कलिंग कुठे करायचं? हॅवलॉकचा एलिफंट बीच सर्वांत लोकप्रिय. बोटीनं जाता येतं किंवा राधानगर किनाऱ्याच्या रस्त्यावरून जंगलातून चालत. पायवाटेनं जा आणि सकाळी जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. दहानंतर गर्दी होते आणि वाळू ढवळते. पोर्ट ब्लेअरजवळ वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३मध्ये स्थापन झालेलं. तिथल्या जॉली बॉय बेटावर साधारण नोव्हेंबर ते मे जाता येतं, उरलेले महिने ते बंद ठेवून रेड स्किन बेट उघडतात. प्लास्टिकची पिशवी, बाटली काहीही नेता येत नाही, सामान तपासतात. इतका कडक नियम भारतात फार थोड्या ठिकाणी पाळला जातो, आणि त्याचं फळ पाण्यात दिसतं.

भरती चढत असताना उतरा. ओहोटीत प्रवाळांवर हातभर पाणी उरतं आणि पोट घासतं. प्रवाळावर उभं राहू नका, दम लागला तरी. दगडासारखं दिसणारं ते हजारो जिवंत जीवांचं घर असतं, आणि मुठीएवढा प्रवाळ वाढायला वर्षं लागतात. दमलात तर पाठीवर उलटं होऊन तरंगा, लाइफ जॅकेट आहेच. पायाखाली काय आहे हे दिसत नसेल तिथे पाय टेकूच नका. काटेरी सी अर्चिन आणि दगडासारखा दडून बसणारा विषारी स्टोनफिश हे दोन्ही उथळ पाण्यातच असतात. लायनफिश देखणा, पण त्याच्या पंखाचे काटे विषारी. काळे-पांढरे पट्टे असलेला समुद्रसाप दिसला तर घाबरू नका, तो जहाल विषारी असला तरी अंगावर येत नाही. फक्त त्याची वाट अडवू नका.

सनस्क्रीन फासून पाण्यात जाण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घाला. पाठ भाजत नाही आणि प्रवाळांवर रसायनं जात नाहीत. गाइडनं माशांना बिस्किट टाकायला काढलं तर 'नको भाऊ, तसेच दाखवा' म्हणून सांगा. बिस्किटावर झुंड जमते, पण तो माशांचा आहार नाही.

आणि पाण्याखाली नेमकं काय पाहायचं? एकाच प्रवाळाच्या ढिगाऱ्यावर दहा मिनिटं तरंगत राहा. पुढे सरकू नका. पहिल्या मिनिटाला सगळे लपतात, मग एकेक बाहेर येतो. पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडताना कुरकुर ऐकू येते. तो खडकावरचं शेवाळ खातो आणि पोटात भरडलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण बसतो तिच्यातला मोठा वाटा त्याचा असतो. समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये विदूषक मासा निवांत लोळत असतो. खडकात रुतलेले जायंट क्लॅमचे निळे-जांभळे ओठ तुमची सावली पडताच मिटतात.

प्रवाळांचा रंग पोस्टरसारखा दिसला नाही तर हिरमुसू नका. जिवंत, निरोगी प्रवाळ बरेचदा तपकिरी किंवा हिरवट असतो. तो रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचा, आणि तेच शैवाल त्याला अन्न पुरवतं. पांढराशुभ्र प्रवाळ दिसला तर ती वाईट खूण समजा. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि फिका पडतो. अंदमानात २०१० आणि २०१६मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. काही ठिकाणी प्रवाळ सावरले, काही ठिकाणी फक्त सांगाडे उरले. एलिफंट बीचवर हे दोन्ही शेजारीशेजारी दिसतात.

स्कूबाबद्दल. पोहता येत नसलं तरी पहिली डुबकी घेता येते, प्रशिक्षक सोबत असतो. वय किमान १० वर्षं आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांतलं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरांना विचारूनच उतरा. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊ नका. पाण्यात दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: श्वास कधीही रोखून धरायचा नाही, आणि कान दुखण्याआधीच नाक दाबून हलकेच हवा ढकलायची. मी पहिल्या डुबकीत दुखेपर्यंत थांबलो आणि दोन दिवस एका कानानं कमी ऐकू येत होतं. प्रशिक्षक निवडताना किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे माणसं किती? पहिल्या डुबकीला उत्तर 'एक' असलं पाहिजे. स्कूबानंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, पूर्ण दिवस गेला तर अधिक चांगलं. शेवटच्या रात्रीसाठी पोर्ट ब्लेअर ठेवण्याचं हेही एक कारण.

पायरी ८: नीलवरची मोठी ओहोटी

नील सायकलनं फिरता येतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ते वसवलं आणि गावांना रामायणातली नावं दिली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. शेतं, भाजीचे मळे, केळी. अंदमानच्या बाजारातली बरीचशी भाजी इथली. जेवायला बंगाली खाणावळीत बसा, माशाचं कालवण घरचं लागेल.

लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे. कमानीचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोहोचा आणि उतरत्या पाण्यामागोमाग खडकांतून चालत जा. पायात जाड तळव्याची सँडल हवी. डबक्यांत समुद्रकाकडी, कुर्ल्या, तारामासे, छोटे ऑक्टोपस आणि उघडा पडलेला जिवंत प्रवाळ सापडतो. स्थानिक गाइड घ्याच. दगड कुठला आणि जीव कुठला हे त्यांना दिसतं, आपल्याला नाही. उचलून हातात दिलेला प्राणी घेऊ नका, पाण्यातच पाहू म्हणा. पाणी वळलं की परत फिरायचं. चढती भरती खडकांमागून येते आणि वाट बंद करते.

पायरी ९: दिगलीपूर, ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी

वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली असतील, तर दिगलीपूरजवळचा कालीपूर किनारा तुम्हाला झोपू देणार नाही. वेळासला येतात ती ऑलिव्ह रिडले. कालीपूरला ऑलिव्ह रिडले, हिरवी कासवं, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशा चार जातींच्या माद्या अंडी घालायला येतात. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री वनखात्याच्या माणसांसोबत किनाऱ्यावर जायचं. पांढरा टॉर्च नाही, फ्लॅश नाही, बोलणं नाही. मादी वाळू उकरायला लागेपर्यंत लांब बसायचं. माझ्या दोन रात्रींपैकी एक रात्र पूर्ण कोरडी गेली. दुसऱ्या रात्री दोन वाजता ती आली, आणि तिच्या श्वासाचा जड आवाज अजून कानात आहे.

दिवसा एरियल बे जेटीवरून रॉस-स्मिथ या जोडबेटांवर (हे रॉस पोर्ट ब्लेअरजवळचं नव्हे) डोंगी जाते. डोंगी म्हणजे छोटी मोटरबोट. दोन बेटांना जोडणारा वाळूचा बांध ओहोटीला वर येतो, तेव्हा इथेही तक्ता पाहून निघा. पायात बळ असेल तर सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमान-निकोबारमधलं सर्वांत उंच शिखर. लामिया बेकडून पहाटे निघालात तरच उजेडात परताल.

पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूरला रस्त्यानं पूर्ण दिवस लागतो, आणि तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या पोलिसांच्या ताफ्यात सोडतात. थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला कायद्यानं बंदी आहे. हा भाग बंद करावा असं सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये सांगितलं होतं. बारातांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी याच रस्त्यानं रोज पर्यटक जातात आणि खिडकीतून 'जारवा दिसतो का' म्हणून पाहतात. ती माणसं आहेत, आपल्या घरात बसलेली. मी बारातांगला जात नाही आणि तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं. दिगलीपूरसाठी पोर्ट ब्लेअरहून रात्रीची सरकारी बोट असते. ती घ्या. डेकवर चादर टाकून झोपता येतं, आणि पहाट समुद्रात उगवते.

पायरी १०: मगरीचा फलक

खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी अंदमानच्या खाड्यांत आणि तिवरांत राहतात आणि कधीकधी किनाऱ्यालगत पोहत येतात. २०१०मध्ये हॅवलॉकला मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव गेला. फलक असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही. फलक नसला तरी ओढा समुद्राला मिळतो तिथे, तिवरांच्या कडेला आणि अंधारात पाण्यात जायचं नाही. जाळी लावलेल्या भागातच पोहा. जीवरक्षकानं शिट्टी मारली की लगेच बाहेर या, वाद घालू नका.

मगरीपेक्षा जास्त लोकांना वाळूतल्या बारीक माश्या छळतात. चावल्या की आठवडाभर खाज सुटते. संध्याकाळी थेट वाळूवर न बसता चटई टाका आणि पायांना खोबरेल तेल चोपडा.

पायरी ११: बॅग भरताना

किनाऱ्यावरून शंख-शिंपले आणि मेलेले प्रवाळ उचलू नका. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडे आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा १९७२खाली येतात, आणि विमानतळावरच्या तपासणीत ते काढून घेतात. दंड वेगळा, आणि विमान चुकण्याची भीती वेगळी. रिकामा शंख एखाद्या खेकड्याला घर म्हणून हवा असतो, हे नीलच्या किनाऱ्यावर रात्री टॉर्च घेऊन गेलात की दिसेल: शेकडो शंख चालत असतात. काही आणायचंच असेल तर सरकारी एम्पोरियममधून पडाऊक लाकडाची वस्तू पावतीसह घ्या, आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा.

मुलांनी खिशात काय भरलंय ते हॉटेल सोडण्याआधी तपासा. माझ्या पुतण्याच्या मोज्यात दोन शंख निघाले होते, आणि त्यातला एक अजून जिवंत होता. रिक्षा थांबवून आम्ही तो पोर्ट ब्लेअरच्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्यावर पाण्यात सोडला.